बांबू तोडूनही जंगल टिकतं, ते कसं?

जंगल वाचवा म्हटलं की आपल्याकडे जुलै महिना आठवतो. खड्डा, रोप, फोटो. २०१९ ला तर राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं टार्गेट होतं. लावा की, कोण नको म्हणतंय, पण आहे ते उभं जंगल तुटू न देणं जास्त स्वस्त आणि जास्त कामाचं, आणि ते नेमकं कसं करायचं हे बघायचं तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात जायला हवं. मेंढा (लेखा). चार-पाचशे वस्तीचं गोंड गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला ज्यांना मिळाला त्यातलं हे गाव. आणि गंमत म्हणजे जंगल राखणारं हे गाव त्याच जंगलातला बांबू तोडून विकतं.

आता बांबू मुळात गवत. त्याचं खोड दरवर्षी जाड होत नाही, पावसाळ्यात जमिनीतून जो कोंब (आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे वास्ते म्हणतात, भाजी मस्त होते) वर येतो त्याची जाडी तीच शेवटपर्यंतची, आणि त्या एकाच पावसाळ्यात तो पूर्ण उंचीही गाठतो. एवढी ताकद येते कुठून, तर जमिनीखालच्या कंदातून आणि त्याच बेटातल्या (बांबूच्या एका झुबक्याला बेट म्हणतात) आधीच्या बांबूंकडून. म्हणजे जुने सगळे छाटले तर पुढच्या पावसाळ्यात कोंब काटकुळे येतात, आणि दोन-चार वर्षं असंच चाललं की बेट संपलंच समजा.

इथेच खरी गोम आहे. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात आणि जुने पिकलेले बांबू आत, काट्याकुट्यात अडकलेले असतात. ठेकेदाराच्या मजुराला पैसे नगावर मिळणार, मुकादम डोक्यावर उभा, मग तो आत कशाला शिरेल? बाहेरचे कोवळे सपासप तोडणार आणि पुढच्या बेटाकडे. ठेकेदाराला ते बेट पुढच्या वर्षी बघायचंच नसतं ना. नीट तोडणारा काय करतो, अंगावर तपकिरी आवरणं आणि पांढरट भुकटी आहे का ते बघतो, असेल तर तो यंदाचाच, त्याला हात लावायचा नाही, मागच्या वर्षीच्यालाही नाही. मग एका बाजूने वाट करून आत शिरायचं, जुने काढायचे, तेही सगळे नाही, आणि जमिनीलगतच्या पेऱ्याच्या जरा वर घाव घालायचा. वेळ लागतो. तो वेळ, ज्याला पुढच्या वर्षीही तिथूनच खायचंय तोच देतो.

कायद्याचा घोळ तर विचारूच नका. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडात धरलेला, म्हणजे लाकडासारखा वनखात्याच्या ताब्यात, २००६ च्या कायद्याने तो गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू) झाला, त्यामुळे मेंढा गावाला हक्क मिळाला पण वाहतुकीचा पास वनखात्याकडे, आणि पासशिवाय बांबू गावाबाहेर नेणार कसा? शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. (वन कायद्यातून बांबू झाडांच्या व्याख्येबाहेर निघायला २०१७ उजाडलं, म्हणजे गवताला गवत म्हणायला ९० वर्षं.)

गावाची घोषणा प्रसिद्ध आहे, ‘दिल्ली मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार’, म्हणजे दिल्ली-मुंबईत आमचं सरकार आणि आमच्या गावात आम्हीच सरकार. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकजण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढे ढकलायचा. कटकटीचं आहे, पण जंगलात रात्री कुऱ्हाड चालली तर ओरडायला सगळं गाव उठतं ते यामुळेच. सामायिक जंगल म्हणजे लुटालूट ठरलेली हा समज खोटा ठरवणाऱ्या अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेही २००९ लाच, निव्वळ योगायोग.

यावर सगळंच सुटतं असं नाही हां. त्याच जिल्ह्यात एटापल्लीकडे सुरजागडला लोहखनिजाची खाण चालू आहे, तिथे बेट कसं तोडायचं याच्या शहाणपणाचा काय उपयोग.

आणि वणवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे पडतात, खाली पाचोळा, त्यात फिक्कट फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावायची जुनी सवय. आग सरकत जाते आणि मोठी झाडं वाचतात, रोपं मरतात, त्यात मोहाचीही. फुलंही वेचली जातात आणि पुढे टोळीही (मोहाच्या बिया), मग नवा मोह उगवणार कधी? उपाय अगदी साधा, झाडाखाली जाळी नाहीतर जुनं लुगडं अंथरायचं. फुलांना मातीही लागत नाही आणि स्वच्छ मोहाला भावही बरा मिळतो.