काळा रंग दिला की झाला सोलर हीटर?

‘टाकीला काळा रंग द्या, उन्हात ठेवा, विकतच्या हीटरमध्ये वेगळं काय असतं?’ हा समज फार जुना आहे, आणि अर्धाच खरा.

साधा काळा रंगही नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन शोषतो. त्यामुळे दुपारी पाणी खरंच तापतं. अडचण सूर्य मावळल्यावर येते: तोच रंग उष्णता तितक्याच सढळपणे बाहेर फेकतो. विकतच्या हीटरमधला खास लेप ऊन शोषतो, पण उष्णता फारशी सोडत नाही. शिवाय निर्वात नळ्या किंवा काच, आणि टाकीभोवती जाड उष्णतारोधक थर. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी काचेच्या पेटीतल्या काळ्या टाक्यांचं पेटंट घेतलं. त्यातलंही पाणी रात्रीत निवायचं. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी ऊन शोषणाऱ्या भागापासून टाकी वेगळी करून ती नीट झाकली, तेव्हा कुठे सकाळी गरम पाणी मिळू लागलं.

म्हणून संध्याकाळी आंघोळ करणाऱ्याने घरी जरूर बनवावा. पहाटे पाणी हवं असेल तर विकतचाच बरा. एक मात्र कळकळीने सांगते: घरगुती टाकी कधीही हवाबंद करू नका. वाफेला वाट नसेल तर ती फुटू शकते.