भाकर मिळाली, वेदी राहिली

माझी मावशी दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. साल 1968. तेव्हा आमच्याकडे तोंडावाटे द्यायचा डोस वगैरे कुणाला ठाऊक नव्हता. आमच्या चर्चला तीन पायऱ्या आहेत. गेली कित्येक वर्षं दर रविवारी चार पोरं तिची व्हीलचेअर उचलून आत नेत. ‘पालखी आली’ म्हणून कुणीतरी हसायचं, मावशीही हसायची. गेल्या पावसाळ्यात एकाचा पाय शेवाळावरून घसरला आणि खुर्ची कलंडली. कोपर खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नाही, पण घरी आल्यावर ती म्हणाली, “पुरे झालं आता. मी उपासना मोबाइलवर ऐकत जाईन.”

त्यावरून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत रॅम्पचा विषय निघाला. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, “अपंगांसाठी चर्चनं केलंय तेवढं कुणी केलंय?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. अंधशाळा, मूकबधिरांच्या शाळा, कुष्ठरोग्यांचे दवाखाने, या साऱ्यांत मिशनची माणसं फार लवकर उतरली. तरीही मावशी बाहेरच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायापासून करावी लागते. अहरोनाच्या, म्हणजे याजकांच्या, वंशात ज्याच्या अंगी व्यंग असेल त्याने वेदीजवळ जाऊ नये, असा तिथे नियम आहे, आणि पुढे यादीच दिली आहे: आंधळा, लंगडा, हात किंवा पाय मोडलेला, कुबडा, खुजा. पण त्याच अध्यायात आणखी एक वाक्य आहे आणि प्रवचनात ते क्वचितच येतं. या माणसाने पवित्र भाकर खावी, तिला मनाई नाही. म्हणजे त्याला उपाशी ठेवायचं नाही, कुळाबाहेरही काढायचं नाही. त्याने फक्त वेदीपाशी उभं राहायचं नाही. मला वाटतं, पुढच्या दोन-अडीच हजार वर्षांचा नकाशा या एका अध्यायात काढून ठेवलेला आहे.

पवित्र शास्त्रात याच्या उलट जाणारा धागाही आहे. मोशे जिभेने जड होता. दाविद राजाने दोन्ही पायांनी लंगड्या मफीबोशेथाला रोज आपल्या पंक्तीला बसवलं. लूकच्या चौदाव्या अध्यायातल्या मेजवानीचं आमंत्रण पांगळ्या-आंधळ्यांना जातं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. पण मंडळीने, म्हणजे चर्चने, पुढे जे नियम लिहिले, त्यांत पारडं बहुधा लेवीयाकडेच झुकलं.

इ. स. 325 च्या निकेया इथल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेचा पहिलाच नियम शरीराबद्दल आहे. वैद्याने किंवा शत्रूने ज्याला खच्ची केलं असेल तो धर्मसेवेत राहू शकतो. ज्याने स्वतःच्या हाताने ते केलं तो नाही. इथे निदान कारण विचारलं जात होतं. पुढे तेवढंही राहिलं नाही. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत स्पष्टच लिहिलं होतं की शरीराच्या दुबळेपणामुळे ज्याला वेदीवरची सेवा सुरक्षितपणे करता येत नाही, किंवा व्यंगामुळे ती शोभेलशी करता येत नाही, त्याला धर्मगुरूची दीक्षा नाही. ‘शोभेलशी’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 1640 च्या दशकात उत्तर अमेरिकेत फ्रेंच येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू आयझॅक जोग यांची बोटं मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या कैदेत चावून, कापून काढली गेली, तेव्हा पुन्हा मिस्सा (कॅथलिक उपासना) अर्पण करायला त्यांना थेट पोप आठवे अर्बन यांची खास परवानगी घ्यावी लागली. ख्रिस्तासाठी गमावलेली बोटंसुद्धा नियमात बसत नव्हती. 1983 च्या नव्या संहितेतून शारीरिक व्यंगाची ही अट गेली. भारतात जन्मापासून बहिऱ्या माणसाला धर्मगुरूची दीक्षा मिळायला मात्र मे 2024 उजाडावा लागला. त्रिशूरला होली क्रॉस संघाचे जोसेफ थेर्मडोम दीक्षित झाले.

बहिऱ्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यांच्या वाटेत पायरी नव्हती, एक ओळ होती. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की विश्वास ऐकण्याने होतो. ही ओळ शब्दशः घेतली की ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या विश्वासाचं काय, असा प्रश्न उभा राहतो, आणि शतकानुशतकं तो बहिऱ्यांच्या विरुद्ध वापरला गेला. गंमत अशी की तो सोडवला तोही मठातल्याच माणसांनी. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन संन्याशाने सरदारांच्या बहिऱ्या मुलांना लिहायला-बोलायला शिकवलं. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूला दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना धर्मशिक्षण मिळावं म्हणून तो खुणांच्या भाषेकडे वळला आणि त्यातून शाळा उभी राहिली. आपल्याकडे मुंबईत 1880 च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांनी बहिऱ्या-मुक्यांसाठी संस्था काढली. भारतातली ती पहिली मानली जाते.

आता नाशिक. ‘शरणपूर’ या नावावरून आपण रोज रिक्षाने जातो, पण त्यात बायबलमधल्या आश्रयनगराची कल्पना आहे हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभारली: अनाथ मुलं, बाप्तिस्मा घेतला म्हणून घराबाहेर काढलेली कुटुंबं, आणि पुढे अरबी गलबतांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी गुलाम मुलं. त्यांना इथे सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख शिकवली जाई. मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेतून लंडनपर्यंत घेऊन जाणारा आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर असणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्याच या शाळेत शिकलेला.

शरणपूरचं काम मोठंच होतं, पण त्याचा साचा आश्रयाचा होता. देणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या. मिशनच्या बहुतेक कामांचा साचा तोच. कुष्ठरोगाच्या बाबतीत तो सगळ्यात ठळक दिसतो. अंबाल्याला रोग्यांची दशा पाहून हेलावलेल्या वेलस्ली बेली यांनी 1874 मध्ये जे मिशन सुरू केलं, त्याचे दवाखाने महाराष्ट्रात परतवाड्याजवळ कोठाऱ्याला, मिरजेला, पोलादपूरला निघाले. नाशिकला त्याचं व्यवसाय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून कुष्ठरोगाने बाधित घरांतली आणि अपंग मुलं हातात कौशल्य घेऊन बाहेर पडतात. पण जुन्या कुष्ठाश्रमांची रचना आठवा: दवाखाना आत, राहणं आत, चर्चही आतच. रोममध्ये 1179 साली भरलेल्या चर्चच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने ठरवलं होतं की कुष्ठरोग्यांना इतरांबरोबर राहता येत नाही, म्हणून त्यांचं चर्च, स्मशान आणि धर्मगुरू वेगळे असू द्यावेत. तिचा हेतू दयेचाच होता. पण एकदा चर्च वेगळं झालं की गावच्या चर्चला त्यांची आठवण फक्त दानाच्या थाळीपुरती उरते. संसाराच्या बाबतीत तर भारतातल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत होतं.

या साच्याच्या आत राहून साचा वाकवणारं एक माणूस मात्र आपल्याच भाषेत होऊन गेलं, आणि त्याच्याकडे आपण या नजरेने पाहतच नाही. पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी ‘बार्तिमी सदन’ होतं, यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयाच्या नावाचं. मुलगी मनोरमा हिने ब्रेल शिकून तिथल्या अंध मुलींना ते शिकवलं. हे आपण कौतुकाने सांगतो, नाशिकमध्येही शाळांतून सांगितलं जातं. आपण सांगत नाही ते असं की रमाबाई स्वतः कानांनी अधू होत्या. इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांच्या मनात डॉक्टर व्हायचं होतं. कान साथ देईनात म्हणून ते राहून गेलं. त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि 1922 मध्ये मृत्यूच्या अगदी आधी ते काम पुरं केलं. म्हणजे ‘विश्वास ऐकण्याने होतो’ ही ओळ मराठीत लिहिताना ज्या हाताने लेखणी धरली होती, त्या बाईंना नीट ऐकू येत नव्हतं. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मला फार वेळा वाटून गेलं आहे.

आपल्या आठवणीत रमाबाई ‘अपंगांना मदत करणाऱ्या’ म्हणून आहेत, ‘अपंग’ म्हणून नाहीत. लुई ब्रेलचंही तसंच. अंधांची लिपी शोधणारा म्हणून तो पाठ्यपुस्तकात येतो. तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, म्हणजे उपासना चालवणाऱ्यांपैकी एक होता, हे कुठेतरी तळटीपेत राहतं.

विचारांची दिशा बदलली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1975 मध्ये नैरोबीला जागतिक चर्च परिषदेच्या महासभेने म्हटलं की अपंगांवाचून मंडळी पूर्ण होत नाही. 1994 मध्ये नॅन्सी आइसलँड या अमेरिकी अभ्यासक बाईंनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्या जन्मतः हाडांच्या विकाराने अपंग होत्या. त्यांचा मुद्दा थेट होता: मरणातून उठलेल्या ख्रिस्ताच्या हातापायांवर व्रण तसेच होते आणि थोमा या शिष्याला त्यानेच ते दाखवले. गौरवी देहातही जर जखमा राहतात, तर ‘स्वर्गात सगळे धडधाकट होतील’ या समजुतीचं काय करायचं? 1998 मध्ये हरारेला अपंग ख्रिस्ती लोकांचं स्वतःचं जाळं उभं राहिलं. भारतातल्या चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे, आणि तिनेही या कामासाठी स्वतंत्र विभाग काढला.

मतिमंद मुलांचा प्रश्न मात्र पायरीचा नाही, समजुतीचा आहे. ‘प्रभुभोजनाचा अर्थ त्याला कळतो का?’ हे वाक्य प्रोटेस्टंट घरांत दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वेळी आणि कॅथलिक घरांत पहिल्या कम्युनियनच्या वेळी किती आयांनी ऐकलं असेल, त्याला गणती नाही. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्येच सांगितलं होतं की साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक कळला तरी पुरे. 2020 च्या व्हॅटिकनच्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेत तर लिहिलंच आहे की अपंग व्यक्तीला संस्कार नाकारायचा कुणालाही अधिकार नाही. याच क्षेत्रात कॅनडाच्या जॉं व्हानिए यांनी 1964 पासून फ्रान्समध्ये मतिमंद माणसांबरोबर राहण्याची घरं उभी केली, भारतातही ती आली. व्हानिए यांनी स्त्रियांचं शोषण केल्याचं 2020 मध्ये त्यांच्याच संस्थेच्या चौकशीत बाहेर आलं. त्या घरांमधलं काम त्यामुळे खोटं ठरत नाही, पण संताचा मुकुट घाईने चढवू नये हे कळतं.

आणि एक गोष्ट लिहायला हात जड होतो. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत लाखांनी माणसं येतात, त्यांत नवस बोललेली आजारी, अपंग माणसंही असतात. माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात. त्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मैदानांवरच्या आरोग्यसभांबद्दल. मावशीला तरुणपणी अशाच एका सभेत मंचावर नेलं, डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, आणि ती उठली नाही तेव्हा हळूच सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला. ‘पाप कुणाचं?’ हा शिष्यांचा प्रश्न फिरून तिच्या खुर्चीपाशी आला होता. खाली उतरवून घ्यायलाही तेव्हा चार माणसं लागली, ती बराच वेळ मिळाली नाहीत.

कायदा आता स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून 21 केले. ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही येते. नियम 2017 मध्ये आले आणि असलेल्या इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती. ती उलटून गेली. अर्थात नाशिक म्हणजे पायऱ्यांचंच गाव. रामकुंडापासून पांडवलेण्यांपर्यंत देव भेटतो तो पायऱ्या चढून-उतरूनच. त्यामुळे तीन पायऱ्यांचं कुणाला काही वाटत नाही.

कमिटीने शेवटी टेप आणली. प्रत्येक पायरी सहा इंच, तीन मिळून दीड फूट. रॅम्पचा उतार एकास बारा ठेवायचा, म्हणजे लांबी अठरा फूट. सरळ रेषेत अठरा फूट घेतले तर नाताळात गव्हाणी मांडतो ती जागा जाते. वळवून घेतला तर दुचाकी लावायची जागा जाते. यावर दोन बैठका झाल्या. तिसरीला मावशीलाच बोलवा असं एका पोरीने सुचवलं. बैठक वरच्या खोलीत असते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून ती मग आवारात, बदामाच्या झाडाखाली घेतली. मावशीने नकाशा पाहिला, गव्हाणीची जागा तशीच ठेवा म्हणाली. मग विचारलं, “आत आले तर शास्त्रपाठ वाचायला मला देणार का?”

पाळकसाहेब लगेच हो म्हणाले. वाचनाचं मेज वेदीच्या बाजूला आहे, आणखी दोन पायऱ्या चढून. त्या अजून कुणी मोजलेल्या नाहीत.