पाणी न घालता फुलणारी बाग

इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिपरिप पाऊस आणि हिरवळ येते. पण पूर्वेकडचा एसेक्स परगणा त्या मानाने बराच कोरडा, वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस. तिथल्या एल्मस्टेड मार्केट गावात बेथ चॅटो (1923-2018) यांची नर्सरी होती. तिच्या आवारात गाड्या उभ्या करायची जागा होती. वर चाकांनी दडपून घट्ट झालेली जमीन, खाली नुसती वाळू आणि गोटे. 1991-92 मध्ये बेथबाईंनी तिथेच बाग करायला घेतली आणि अट घातली की रोपं एकदा रुजली की पुन्हा पाणी द्यायचं नाही.

पाण्याचे लांब पाइप जमिनीवर टाकून, ते इकडे-तिकडे सरकवत त्यांनी वाफ्यांच्या कडा ठरवल्या. मधली वाट आटलेल्या नदीच्या पात्रासारखी दिसायला हवी होती. मग जमीन खोलवर फोडली, कंपोस्ट मिसळलं, रोपं लावली आणि वर खडी पसरली.

ही खडी शोभेपुरती नव्हती. मातीतलं पाणी बारीक पोकळ्यांतून वर चढतं आणि उन्हाने उडून जातं. खडीतल्या फटी मोठ्या, त्यामुळे पाण्याची ही चढण तिथेच तुटते आणि ओल खाली टिकते. आपले शेतकरी आच्छादन करतात, त्यामागेही ओल राखण्याचाच हेतू असतो.

पण खरी करामत झाडांची. लॅम्ब्ज इअरचं पान बोटांत धरलं तर कोकराच्या कानासारखं मऊ लागतं. त्यावरची रुपेरी लव ऊन परतवते आणि पानालगतची हवा धरून ठेवते, म्हणून पर्णरंध्रांतून बाष्प सावकाश निघतं. ॲलियमचे, म्हणजे कांद्याच्या कुळातल्या फुलझाडाचे, कंद फुलून झाले की पानं टाकतात आणि कोरडे दिवस जमिनीखाली झोपून काढतात. बागेतला तो देखणा राखाडी-रुपेरी रंग म्हणजे कोरड्या मुलखात तगण्याची युक्ती आहे, आणि मला या बागेतलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

निवडीमागे बेथबाईंचे पती अँड्र्यू यांचा अभ्यास होता. फळबागायतदार असलेल्या या माणसाने, बागेतली झाडं मुळात कुठल्या रानात, कशा मातीत वाढतात, याचा आयुष्यभर शोध घेतला. रचनेची नजर बेथबाईंची. चित्रकार सेड्रिक मॉरिस यांच्या बागेत आणि पुष्परचना करताना ती घडली होती.

कोरड्या उन्हाळ्यात तिकडे पाइपने बागेला पाणी घालण्यावर बंदी येते. अशा वेळी अंगणात काय लावावं, हे नर्सरीत येणाऱ्यांना डोळ्यांनी पाहता यावं, म्हणून हा सारा खटाटोप. जे झाड तग धरत नसे, ते काढून बेथबाई दुसरं लावत.