महत्त्वाची बाई आणि ठरवणारी बाई: ‘डॉक्टर हू’च्या चाहत्या नेमकं काय मागतात

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत बायकांना नीट लिहिलं जात नाही, अशी एखाद्या चाहतीने तक्रार केली की तिला हमखास एक उत्तर मिळतं. डोना नोबलने अख्खं विश्व वाचवलं, क्लाराने डॉक्टरला त्याच्या प्रत्येक जन्मात वाचवलं, मार्था वर्षभर जग पायाखाली घालत फिरली. बायकांना याहून मोठं काम कुठल्या मालिकेने दिलंय? उत्तरातली माहिती खरी आहे, पण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे. कथेला त्या बाईची किती गरज आहे, हा एक प्रश्न. कथेत ती बाई स्वतः काही ठरवते का आणि तिने ठरवलेलं टिकतं का, हा दुसरा. दोन्ही गोष्टी बहुधा एकाच प्रसंगात समोर येतात, म्हणून त्यांची गल्लत होते. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांतली सून आठवा: घर तिच्यावाचून चालत नाही, आणि घरातलं काहीही ठरवताना तिला कुणी विचारत नाही.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 ला ती सुरू झाली, 1989 मध्ये थांबली आणि 2005 मध्ये पुन्हा सुरू झाली. डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. पोलिसांच्या निळ्या टेलिफोनपेटीसारखं दिसणारं टार्डिस हे त्याचं यान. तो मरणाला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो आणि गोष्ट पुढे चालू राहते. त्याच्यासोबत कुणी ना कुणी प्रवासाला असतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा पृथ्वीवरची तरुण मुलगी असते. अनेक दशकं बायकांना या कथेत शिरायला तोच दरवाजा होता. त्या मुलीचं पुढे काय होतं याकडे चाहत्यांचं इतकं बारीक लक्ष असतं ते म्हणूनच.

डोनाचं उदाहरण सगळ्यात लख्ख आहे. ऑफिसांमध्ये हंगामी काम करणारी, मोठ्याने बोलणारी, आईच्या टोमण्यांनी स्वतःला कमी लेखायला शिकलेली लंडनची बाई. डॉक्टरबरोबर फिरता फिरता तिला स्वतःची किंमत कळत जाते. 2008 मधल्या ‘जर्नीज एंड’ या भागात डॉक्टरचं मन तिच्या मेंदूत उतरतं आणि डॉक्टरचे जुने शत्रू असलेल्या डेलेकांचा सगळं अस्तित्व संपवण्याचा बेत ती हाणून पाडते. मग कळतं की माणसाच्या मेंदूला हे पेलणार नाही, ती मरेल. तिला परत जायचं नसतं. ती नको म्हणते, विनवते. डॉक्टर तिच्या डोक्याला हात लावून आपल्यासोबतचा सगळा काळ तिच्या आठवणीतून पुसून टाकतो, तिला घरी पोचवतो आणि तिच्या आई-आजोबांना सांगतो की एका क्षणापुरती ती अवघ्या विश्वातली सर्वांत महत्त्वाची बाई होती.

महत्त्व पुरेपूर आहे, निर्णय तिचा अजिबात नाही. यावर लोक म्हणतात, नाहीतर ती मेली असती ना! हे मला पटत नाही. तो पेच निसर्गाने नाही, लेखकाने रचला. मरायचं की विसरायचं हे तिला विचारण्याची एक ओळ त्याच पेचात बसली असती. शिवाय गेली ती काही डॉक्टरची उसनी बुद्धी नव्हे; गेली ती डोनाने स्वतः कमावलेली माणूस म्हणूनची वाढ. 2023 च्या ‘द स्टार बीस्ट’मध्ये रसेल टी. डेव्हिस या त्याच लेखकाने हा प्रसंग पुन्हा मांडला. शहर वाचवायला तिची आठवण जागी करावी लागणार आणि त्यात ती मरणार, अशी वेळ येते. या खेपेला डोना सगळं जाणून होकार देते. धोका तोच आहे, बाईही तीच. फरक होकाराचा आहे, आणि पंधरा वर्षं चाहत्या त्या एवढ्याशा गोष्टीबद्दलच बोलत होत्या.

क्लारा ऑसवाल्डच्या बाबतीत तर दोन्ही टोकं एकाच बाईत आणि एकाच लेखकाकडे सापडतात. 2012-13 मध्ये स्टीव्हन मॉफटने तिला ‘अशक्य मुलगी’ म्हणून आणलं. ती वेगवेगळ्या काळांत पुन्हा पुन्हा भेटते आणि मरते. शेवटी उलगडतं की डॉक्टरला वाचवण्यासाठी तिने स्वतःला त्याच्या सबंध आयुष्यभर विखरून टाकलं होतं. ती उडी तिची स्वतःची होती, हे मान्य. पण त्याआधीचे सगळे भाग ती कोडं होती, आणि सोडवणारा तो. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, हे विचारायला कथेला फुरसत नव्हती. पुढे 2015 मध्ये सेरा डोलर्ड या लेखिकेच्या भागात दुसऱ्या कुणावरचं मरण क्लारा आपल्या अंगावर घेते. चाल चुकते, पण चूक तिची असते आणि ती तिला सामोरी जाते. त्यानंतरच्या ‘हेल बेंट’मध्ये डॉक्टर तिला मरणाच्या आदल्या क्षणातून ओढून आणतो आणि डोनाचाच उपाय काढतो: तिच्या आठवणी पुसायच्या. क्लारा ठणकावून सांगते की उद्याची खात्री कुणालाच नसते, पण झालेला काळ माझा आहे आणि तो मी देणार नाही. पुसण्याचं यंत्र तिने आधीच उलटं फिरवून ठेवलेलं असतं, आणि स्मृती जाते ती डॉक्टरची. तिच्या मरणाची धार यामुळे बोथट झाली असं म्हणणाऱ्या चाहत्या आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मला हा भाग मोठा वाटतो, कारण डोनाला जे नाकारलं गेलं ते इथे मोठ्याने मागितलं गेलं आणि मिळालं.

आता उलट बाजू. बाईचा निर्णय पूर्ण आहे आणि विश्वाला त्याची काडीची गरज नाही, असं कधी झालंय का? झालंय, आणि फार लवकर. 1964 च्या ‘द ॲझ्टेक्स’मध्ये डॉक्टरची सहप्रवासी, इतिहासाची शिक्षिका बार्बरा राइट एका थडग्यातून बाहेर येते आणि तिथले लोक तिला देवीचा अवतार समजतात. हातात सत्ता आली आहे तर नरबळीची प्रथा मोडून काढू, म्हणजे पुढे स्पॅनिश आल्यावर ही संस्कृती नष्ट होणार नाही, असं ती ठरवते. इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही, असं डॉक्टर तिला बजावतो. ती ऐकत नाही, प्रयत्न करते आणि हरते. तिने विश्व वाचवलं नाही, इतिहासही हलला नाही. पण चारही भाग तिच्या निर्णयावर उभे आहेत, आणि त्याची किंमतही तीच मोजते. मालिकेची पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट. पदावर आली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, आणि बीबीसीच्या नाट्यविभागात त्या वेळी निर्मातीपदावर असलेली एकटीच बाई. ही कथा मात्र जॉन लुकारोटी या पुरुषाने लिहिली, तेव्हा हे फक्त लेखिकांनाच जमतं असं म्हणायची सोय नाही.

तरीही लेखिका किती होत्या हे पाहायलाच हवं. एकटीच्या नावावर कथा असलेली पहिली लेखिका, बार्बरा क्लेग, 1983 मध्ये आली, म्हणजे वीस वर्षांनी. नव्या मालिकेत 2008 नंतर थेट 2015 पर्यंत एकाही भागावर लेखिकेचं नाव नाही. योगायोग म्हणायला हा काळ फार लांब आहे.

हुशारी दिली म्हणजे निर्णय दिला, अशीही एक समजूत असते. 1970 मधली लिझ शॉ केंब्रिजची शास्त्रज्ञ होती. डॉक्टरला सगळं समजावून सांगायला कुणीतरी अडाणी सोबती हवा, असं निर्मात्यांना वाटलं आणि तिला निरोपाचा प्रसंगही न देता वगळलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्या कथेत ती गेल्याचं एका संवादात कळतं, एवढंच.

मार्था जोन्सपाशी मात्र माझी ही मोजपट्टी अपुरी पडते. 2007 मधली ही वैद्यकीचं शिक्षण घेणारी मुलगी, मालिकेतली पहिली कृष्णवर्णीय मुख्य सहप्रवासी. मास्टर या डॉक्टरच्या हाडवैऱ्याने पृथ्वी काबीज केल्यावर ती वर्षभर भटकते, लोकांना गोळा करते, आणि शेवटी डॉक्टरला सोडून जायचं तीच ठरवते. महत्त्व आहे, निर्णयही आहे. पण त्याआधी सबंध हंगामभर ती रोज नावाच्या आधीच्या सहप्रवासीच्या सावलीत, न मिळणाऱ्या प्रेमात झुरते, आणि 1913 सालात डॉक्टर माणूस होऊन लपतो तेव्हा मोलकरीण बनून त्याची काळजी वाहते. निघून जाण्याचा निर्णय तिला दिला हे खरं, पण निघून जावंसं वाटेल अशी वागणूकही कथेनेच दिली. हे दुखणं नुसतं बाई असण्याचं नाही, वर्णाचंही आहे.

2017 च्या अखेरीस जोडी व्हिटेकर डॉक्टर झाली. बाईला याहून मोठी जागा या मालिकेत नाही. तेव्हा दोन निरनिराळे आवाज एकत्र कालवले गेले: बाई नकोच म्हणणाऱ्यांचा, आणि बाई आली याचा आनंद होऊनही तिला नीट लिहा म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्या आवाजात बोललं की पहिल्यांच्या रांगेत उभं केलं जाण्याची भीती होती. पण ती टीका अगदी नेमकी होती. 2020 चा ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ घ्या. डॉक्टर ज्यांच्यात वाढली त्या टाइम लॉर्ड जमातीची शरीर बदलण्याची शक्ती मुळात डॉक्टरच्या शरीरातून काढून घेतली होती, असं त्यात उघड होतं. महत्त्वाचा याहून वरचा डोंगर नाही! पण लहानपणीचे ते प्रयोग तिच्यावर झालेले असतात. त्यांची हकिगत ती मास्टरच्या कैदेत अडकून ऐकते. आणि शेवटी सगळं संपवणारं बटण दाबायची वेळ येते तेव्हा तिचा हात थांबतो आणि को शारमस नावाचा म्हातारा ते काम स्वतःकडे घेतो. मारायचं नाही हाही निर्णयच, असं काही चाहत्या म्हणतात. मला तो अर्धवट वाटतो, कारण मारण्याचं काम झालंच, फक्त दुसऱ्याच्या हातून.

त्याच डॉक्टरच्या काळात विनय पटेल यांनी लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ आला, आणि त्यातली उंब्रीन मला अजून सोडत नाही. ऑगस्ट 1947, फाळणीची रेषा शेतातून जाते, आणि ही मुसलमान मुलगी प्रेम नावाच्या हिंदूशी लग्न करायचं ठरवते. घरचे विरोधात, भोवती आग. ती मागे हटत नाही. प्रेम मारला जातो; ती जगते, शेफील्डला येते, आणि ही गोष्ट नातीला, म्हणजे डॉक्टरची सहप्रवासी असलेल्या यास्मिनला, केव्हा आणि किती सांगायची हेही तीच ठरवते. तिच्यामुळे एकही ग्रह वाचत नाही.

यास्मिनबद्दल मात्र चाहत्यांचं एकमत नाही. 2022 च्या ‘द पॉवर ऑफ द डॉक्टर’मध्ये ती टार्डिस चालवते, डॉक्टरची सुटका करते. मग डॉक्टर सांगते की यापुढचा टप्पा मला एकटीला पार करायचा आहे, आणि यास्मिन ऐकते. तिचं प्रेम समजूतदार होतं म्हणून ती निघाली, असं काही जणी म्हणतात. बाकीच्या म्हणतात, तिला विचारलं नाही, कळवलं. मी या दुसऱ्या बाजूला आहे.