चाक सुटणं वेगळं, गाडी सुटणं वेगळं

मिरगाच्या पहिल्या सरींनी कोकणातले रस्ते धुऊन निघत नाहीत, आधी बुळबुळीत होतात. उन्हाळाभर साचलेली तांबडी धूळ, डांबरावर सांडलेलं तेल आणि मासळीच्या टेम्पोतून गळत गेलेलं पाणी यांचा पातळ राप रस्त्यावर पसरतो, आणि चांगला जोराचा पाऊस झाल्यावरच तो वाहून जातो. या दिवसांत गाडी दोन तऱ्हांनी दगा देते. वाडीकडे जाणाऱ्या उभ्या चढावावर चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी पुढे सरकत नाही. घाट उतरताना चाकं व्यवस्थित फिरत असतात, पण गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही. पहिल्या दुखण्यासाठी ट्रॅक्शन कंट्रोल आहे, दुसऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. डॅशबोर्डवर दोहोंसाठी बहुधा एकच दिवा असतो, मागे नागमोडी रेघा सोडणाऱ्या गाडीचा. दोन्ही एकच, असा समज त्यातूनच झाला असावा.

चाक गरगरण्याचं मूळ इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलमध्ये आहे. वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. पण एक चाक चिखलात गेलं की तेच फुकट फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. वडापच्या जीपवाल्यांकडे यावर जुना इलाज होता: चाकाखाली दगड, गोणपाट आणि मागून ढकलायला उतरलेले प्रवासी.

अमेरिकेत ब्युइकने १९७१ साली ‘मॅक्सट्रॅक’ नावाची यंत्रणा आणली. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरताहेत असं दिसलं की ती इंजिनाचं इग्निशन क्षणभर तोडत असे. कल्पना योग्य होती, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ती पेलली नाही. खरा पाया घातला एबीएसने, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेने. १९७८ साली गाड्यांचे भाग बनवणारी बॉश कंपनी आणि मर्सिडीज यांनी ते मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत दिलं आणि प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर रोजच्या वापरात आले. ब्रेक लावल्यावर अडकणारं चाक ओळखता येतं, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गरगरणारं का नाही ओळखता येणार? सेन्सर तेच, प्रश्न फक्त उलटा.

अडचण मात्र निराळीच होती. एबीएस चालकाच्या पायाने तयार झालेला दाब कमी-जास्त करतं. ट्रॅक्शन कंट्रोलच्या वेळी पाय ब्रेकवर नसतोच, म्हणून दाब यंत्रणेनेच तयार करायला हवा. त्यासाठी पंप आणि जादा व्हॉल्व्ह लागले, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर हे गाड्यांत येऊ लागलं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या शेवाळलेल्या उतारावरून गाडी वर चढवताना यंत्रणा नेमकं हेच करते: गरगरणाऱ्या चाकाला चिमटा घेते, इंजिनाचा जोर कमी करते आणि पकड असलेल्या चाकाला संधी देते. पुळणीवर मात्र हीच शहाणी यंत्रणा नडते. मऊ वाळूत चाकाला थोडं फिरू द्यावं लागतं, आणि ही नेमका तेव्हाच जोर काढून घेते. ‘ऑफ’चं बटण असतं ते अशा वेळेसाठी. (गाडी पुळणीवर न्यावीच कशाला, हा प्रश्न भरतीच्या आधी ट्रॅक्टर शोधणाऱ्याला विचारावा.)

ट्रॅक्शन कंट्रोलची मर्यादा इथेच आहे. चाक किती फिरतंय एवढंच त्याला कळतं, गाडी कुठे चालली आहे हे कळत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की त्याचं काम संपतं, आणि घाटातल्या बऱ्याच घसरणी तर पाय काढल्यावरच होतात.

ही उणीव भरून काढणाऱ्या बॉशच्या गटाचे प्रमुख होते ॲंटन व्हॅन झांटेन. त्यांनी चाकांच्या सेन्सरना तीन गोष्टींची जोड दिली: स्टिअरिंग किती वळवलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय आणि बाजूला किती ओढली जातेय. चालकाला कुठे जायचंय आणि गाडी कुठे निघालीय, याची तुलना ही यंत्रणा सेकंदाला २५ वेळा करते. समजा, घाट उतरताना डावं वळण आलं. गाडी न वळता सरळ दरीकडे निघाली, तर ईएससी डावीकडच्या मागच्या चाकाला ब्रेक लावून नाक आत ओढतं. उलट मागची बाजू उजवीकडे फेकली जाऊ लागली, तर उजवीकडच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून गिरकी थोपवतं. एकच चाक नेमकं धरण्याची ही युक्ती माणसाला जमणारी नाही, कारण आपल्या पायाखाली पेडल एकच असतं.

१९९५ साली हे मर्सिडीजच्या महागड्या एस-क्लास कूपेत आलं, आणि कदाचित तिथेच राहिलं असतं. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास उलटली. रस्त्यात अचानक मूस हा मोठा प्राणी आला तर गाडी कशी चुकवते, हे पाहणारी ती चाचणी. नाचक्की झाली, आणि कंपनीने प्रत्येक ए-क्लासमध्ये ही यंत्रणा बसवायचं ठरवलं. श्रीमंतांच्या गाडीतली वस्तू लहान गाडीत आली ती अशी, अब्रू वाचवायला.

पुढे कायद्याने जोर लावला. ईएससीमुळे एकट्याच वाहनाचे अपघात कारच्या बाबतीत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हीच्या बाबतीत ५९ टक्क्यांनी कमी होतील, असा अमेरिकी रस्ते-सुरक्षा विभागाचा अंदाज होता. तिथे २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे, आणि २०२३ साली सुरू झालेल्या, गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी लागतं.

गाडी घेताना एक लक्षात ठेवावं: ईएससी असलेल्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल बहुतेक येतंच, उलट मात्र गृहीत धरू नये. कंपन्या नावंही आपापली देतात, कुठे ईएसपी, कुठे व्हीएससी, कुठे डीएससी. गावाकडे वापरायला मुंबईहून जुनी गाडी आणणाऱ्याने तर मॉडेलचं नाव पाहून भागवू नये, व्हेरियंट तपासावा. म्युझिक सिस्टिम मागाहून बसवता येते, ईएससी नाही. आणि टायर गुळगुळीत झाले असतील, तर या दोन्ही यंत्रणांना धरायला काही उरत नाही.