पुस्तकपेढीचा अर्ज: कोण करू शकतं, कागदपत्रं कोणती, कधी करायचा

मराठवाड्यात कॉलेज सुरू होतं जुलै-ऑगस्टमध्ये आणि सोयाबीनचा पैसा हातात येतो दसरा-दिवाळीला. मधल्या काळात बियाणं, फवारणी, प्रवेशाची फी, पोरांचं खोलीभाडं असं सगळं उसनवारीवर चाललेलं असतं. मग पुस्तकांचा खर्च मागे पडतो आणि परीक्षेच्या तोंडावर एखादं गाईड आणून भागवलं जातं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसते. ऑगस्टमध्ये मुलं झेरॉक्सच्या दुकानावर रांग लावून उभी असतात आणि माझ्या मागच्या कपाटात पुस्तकपेढीचे, म्हणजे घरी न्यायला मिळणाऱ्या पुस्तकांचे, संच तसेच पडून असतात, कारण अर्जच आलेले नसतात. हे बघवत नाही, म्हणून ही माहिती.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. ग्रंथालयाचे बारीकसारीक नियम मात्र प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे असतात. तारखा आणि रक्कम आपापल्या ग्रंथपालांना विचारून घ्या. बाकीची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे.

आधी एक फरक समजून घ्या. ग्रंथालयाच्या साध्या कार्डावर एक-दोन पुस्तकं आठ-पंधरा दिवसांसाठी मिळतात. पुस्तकपेढीतून विषयांचा संच अख्ख्या सेमिस्टरसाठी किंवा वर्षासाठी घरी नेता येतो. संच घेतला म्हणून कार्ड बंद होत नाही, दोन्ही एकाच वेळी वापरता येतात. हे खूप जणांना ठाऊकच नसतं.

कोणाला मिळतं?

साधं कार्ड प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला. ग्रंथालय शुल्क तुम्ही प्रवेशाच्या पावतीतच भरलेलं असतं, पावती काढून बघा. पुस्तकपेढीत संच मोजके असल्यामुळे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मागासवर्गीय आणि चांगले गुण असलेल्या विद्यार्थ्यांना आधी देतात. पण "मी खुल्या प्रवर्गातला, मला कुठं मिळणार" असं समजून परत जाऊ नका. उत्पन्न कमी असेल तर अर्ज टाका. आणि संच उरले तर ते मागेल त्याला मिळतात.

कागदपत्रं

प्रवेशाची पावती, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला. काही कॉलेजांत विभागप्रमुखांची किंवा एखाद्या प्राध्यापकांची हमी म्हणून सही लागते. अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी घेतात, ती पुस्तकं परत केल्यावर मिळते. त्यासाठी पावती जपून ठेवावी लागते आणि नेमकी तीच हरवते. घेतल्या दिवशीच मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.

अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. प्रवेशाच्या दिवसांत सेतूवर झुंबड असते. बारावीचा निकाल लागला की लगेच दाखल्याला टाका. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीलाही तोच लागतो, म्हणजे एका हेलपाट्यात दोन कामं. दाखला हातात नसेल तर त्याच्या अर्जाची पावती जोडून पुस्तकपेढीचा अर्ज मुदतीत देता येईल का, हे ग्रंथपालांना विचारा.

अर्ज कधी आणि कसा?

प्रवेश झाल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत. फॉर्म ग्रंथालयातच मिळतो. त्यात विषयांची नावं अभ्यासक्रमाप्रमाणे लिहा. 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, त्यामुळे कपाटातली काही पुस्तकं जुन्या अभ्यासक्रमाची निघतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपला अभ्यासक्रम काढून सोबत आणा आणि अनुक्रमणिकेशी ताडून बघा. अकाउंटन्सी, गणित, भौतिकशास्त्र अशा विषयांत जुनं पुस्तक बरंच चालून जातं. प्राप्तिकर आणि कायद्याच्या विषयांत मात्र जुनं घेऊ नका, तिथं तरतुदी बदलतात.

संच हातात आला की खिडकीवरच प्रत्येक पुस्तक उघडून पानं चाळा. मागे बीएस्सी पहिल्या वर्षाची एक मुलगी, तालुक्याहून एसटीने यायची, सुटणारी गाडी गाठायची म्हणून पाच पुस्तकं तशीच पिशवीत घालून गेली. परत करताना रसायनशास्त्राच्या पुस्तकातली एका प्रकरणाची पानं ब्लेडने कापलेली निघाली. तिने कापलेली नव्हती. कापलेल्या कडा पिवळ्या पडलेल्या होत्या, जुनं काम होतं. पण नोंद नव्हती. भरपाई तिच्यावर येत होती, ती ग्रंथपालांना विनंती करून टळली. म्हणून पानं फाटलेली, कापलेली, लिहिलेली दिसली तर तिथल्या तिथे दाखवा आणि पुस्तकाच्या दाखल क्रमांकासमोर (ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नंबर) रजिस्टरात शेरा लिहून घ्या. दोन मिनिटं लागतात.

परत करण्याची तारीख चुकली तर दिवसागणिक दंड लागतो. पुस्तक हरवलं तर त्याच आवृत्तीची प्रत किंवा किंमत भरावी लागते. ग्रंथालयाचं नो ड्यूज मिळाल्याशिवाय टीसी निघत नाही, हे तिसऱ्या वर्षाला आठवण्यापेक्षा आत्ताच लक्षात असू द्या.

पुस्तक संचात नसेल तर

कॉलेजने एन-लिस्ट या ऑनलाइन पुस्तकांच्या सेवेचं सदस्यत्व घेतलेलं असेल तर ग्रंथपालांकडून युजर आयडी मागा. ईमेल आणि ओळखपत्र एवढंच लागतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही सेवा आहे, घरी बसून मोबाईलवर ई-पुस्तकं उघडता येतात. सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात शिकत असाल तर 1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 संशोधन नियतकालिकंही वाचता येतात. ही एमए, एमएस्सीवाल्यांच्या जास्त कामाची. आयआयटी खरगपूरचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाचं ई-ज्ञानकोश तर सगळ्यांनाच मोफत आहे. इग्नूच्या पुस्तिका सोप्या भाषेत आणि घटकवार असतात, कला-वाणिज्यच्या मुलांनी त्या जरूर बघाव्यात.

संदर्भ विभागातलं पुस्तक घरी देत नाहीत. त्यातलं हवं ते प्रकरण स्वतःच्या अभ्यासापुरतं झेरॉक्स करून घ्या. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये खाजगी वापरासाठी, संशोधनासाठी अशा वाजवी वापराला मुभा आहे. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून विकणं त्यात बसत नाही.

आणि पुस्तक ग्रंथालयात मुळातच नसेल, तर खिडकीवर मागणी वही मागा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ग आणि विषय लिहा, शिकवणाऱ्या सरांची किंवा मॅडमची सही घ्या. एकाच पुस्तकाला आठ-दहा मुलांची मागणी दिसली की खरेदीच्या यादीत ते वर जातं, म्हणून वर्गातल्या मित्रांनाही सोबत घेऊन या.