स्वमग्न मुले व सवंगडी

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांचे बरोबरीच्या मुलांशी नाते जुळावे म्हणून घरी, शाळेत व वाडीत केले जाणारे प्रयत्न. प्रस्तुत नोंद मुख्यतः कोकण किनारपट्टीपुरती आहे.

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक ‘ऑटोस’ (स्वतः) यावरून १९१०-११च्या सुमारास घडवला, तोही छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनिया) एका लक्षणासाठी. मुलांमधील पहिले वर्णन कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन १९४३ मध्ये, तर हान्स आस्परगर यांनी व्हिएन्नात चार मुलग्यांचे १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. आस्परगर यांनी १९३८च्या व्याख्यानातच हा शब्द योजला होता. त्यांच्या चिकित्सालयातील गेऑर्ग फ्रँकल पुढे कॅनर यांच्याकडे रुजू झाले, त्यामुळे कल्पना तिकडून आली असावी, असे काही इतिहासकार सुचवतात. पण सोव्हिएत बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांविषयी १९२५-२६ मध्येच लिहिले होते. अग्रमान द्यायचाच तर त्यांना देणे अधिक न्याय्य ठरेल.

मराठी प्रतिशब्द रूढ झाला असला तरी तो थोडा चकवतो. ‘मग्न’ म्हटले की मूल आपल्यातच सुखी आहे, त्याला कोणी नकोच, असा ग्रह होतो. लोर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनमधील १९७९च्या पाहणीत अलिप्त राहणारी, कोणी बोलावल्यास येणारी आणि स्वतःहून पण विचित्र रीतीने जवळ जाणारी, असे मुलांचे तीन गट केले. तिसऱ्या गटाला सोबत हवीच असते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन (२०१२) यांच्या मते तर न समजणे दुतर्फा असते: इतरांनाही स्वमग्न व्यक्ती तितकीच कळत नाही. हे मत मान्य केले, तर एकट्या स्वमग्न मुलाला शिकवून भागत नाही.

सवंगड्यांनाच तयार करण्याची पद्धत १९७०च्या दशकात फिलिप स्ट्रेन व सहकाऱ्यांनी पुढे आणली. दोन-तीन मुलांना समोर येऊन बोलावणे, एका वेळी एकच गोष्ट सांगणे आणि उत्तरासाठी थांबणे शिकवतात. थांबणे सर्वांत अवघड जाते. कॉनी कसारी यांच्या २०१२च्या ६० मुलांवरील चाचणीत, मोठ्यांनी थेट शिकवण्यापेक्षा वर्गमित्रांना शिकवल्याचा लाभ अधिक दिसला.

कोकणातील खेळांत याला एक देशी जोड आहे: ‘कच्चा लिंबू’. लहान किंवा दुबळ्या भिडूला खेळात घेतात, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. प्रवेशापुरती ही सोय उत्तम. वर्षानुवर्षे लिंबूच राहिलेल्या मुलाला मात्र कोणी खरा भिडू मानत नाही. त्यापेक्षा नेमके काम द्यावे. लगोरीच्या सात चपट्या ठिकऱ्या मोठीपासून लहानीपर्यंत रचण्यात अशी काही मुले तासभर रमतात. चेंडूचा मार चुकवणे नंतर जमते. आट्यापाट्यांत नियम जमिनीवर रेषांनी आखलेला असतो, हेही सोयीचे.

छोट्या वाडीत बरोबरीचे मूल बहुधा दोन-तीन वर्षांनी मोठे किंवा लहान असते. गणपतीला व मे महिन्यात चाकरमानी आले की घर एकदम भरते. झांजांचा आवाज अशा मुलाला सोसत नाही, पण आरत्यांचा क्रम त्याला बिनचूक पाठ असू शकतो. त्याला खळ्यात (घरापुढच्या अंगणात), आवाजापासून जरा दूर बसवून पुढची आरती कोणती हे सांगण्याचे काम दिले, तर मामे-चुलत भावंडे त्याच्याकडे वळून पाहतात. शिमग्यात पालखी दारात येण्याआधी ती कधी येणार, ढोल किती वेळ वाजणार हे सांगून ठेवावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत असल्याने रोजचा भार शिक्षक व कुटुंबावरच पडतो.

मुलींमध्ये निदान अनेकदा उशिरा होते, कारण त्या इतरांचे पाहून वागणे उचलतात. गौरीच्या रात्री फुगडीच्या फेरात शेजारणीची पावले पाहून बरोबर पाय टाकणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांत येत नाही.